दिल्लीच्या दोरीवरचे लंगोट

मे महिन्यात दिल्लीला लू सुटली की गच्चीवर वाळत टाकलेला जाडजूड सोकर तासा-दीड तासात खडखडीत होऊन हातात येतो. जानेवारीत तोच सोकर दोन-दोन दिवस दोरीवर लोंबकळतो आणि तरी मधल्या घडीत ओलसरच राहतो. दिवसभर धुकं, दुपारी दोन तास फिकट ऊन, की पुन्हा थंडी. बाळाला कापडी डायपर वापरायचे की बाजारचे, यावर दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबादच्या घरांत ज्या चर्चा होतात त्यांचा निकाल बऱ्याचदा तत्त्वावर लागत नाही, तो या दोरीवर लागतो.

सोकर म्हणजे शोषणारा पट्टा. सुती, बांबूच्या धाग्याचा किंवा मायक्रोफायबरचा. हल्लीच्या कापडी डायपरचे दोन भाग असतात. बाहेर रंगीबेरंगी, पाणी न सोडणारं आवरण आणि आत हा काढता-घालता येणारा पट्टा. काही डायपरांत तो बटणांनी आवरणावर बसतो, काहींत उशी अभ्र्यात सरकवावी तसा खिशात सरकवायचा असतो. कुणी त्याला इन्सर्ट म्हणतं, कुणी सोकर, कुणी नुसतं पॅड. नाव काहीही असो, पट्टा वेगळा काढता येणं हीच यातली खरी युक्ती आहे. पट्टा वेगळा झाला की तो उकळत्या पाण्यात घालता येतो, कडक उन्हात टाकता येतो. आवरणाला मात्र यातलं काहीही चालत नाही. दोघं एकत्र शिवलेले असले तर आवरणाची कड सांभाळायची म्हणून पट्टा नीट निघत नाही आणि पट्टा वाळायची वाट पाहता पाहता आवरण अडकून पडतं.

एके काळी दिल्लीतला मराठी माणूस म्हटलं की पहाडगंज आणि करोल बाग डोळ्यांपुढे यायचं. पहाडगंजात नूतन मराठी शाळा, बृहन्महाराष्ट्र भवन, गणपती, त्या शाळेतून शिकून सरकारी नोकरीत गेलेल्या पिढ्या. आता पुण्या-नागपूरहून येणारी तरुण जोडपी नोएडाच्या किंवा गुरुग्रामच्या विसाव्या मजल्यावर राहतात. बाळंतपणाला आजी गावाहून येते. तिच्या बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशोपा आणि जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे मऊ तुकडे असतात. सुनेने किंवा लेकीने मोबाइलवरून डायपरची मोठी पिशवी आधीच मागवून ठेवलेली असते. आजीला डायपरमधलं बाळ बघवत नाही: गरम होतं, पाय फाकतात, कातडी लाल होते. लेकीला रात्रीतून सहा वेळा ओलं दुपटं बदलणं झेपत नाही. सोकरवाला कापडी डायपर या दोघींच्या मधोमध येऊन बसला आहे. तो पूर्णपणे कुणाच्याच मनासारखा नाही, म्हणूनच कदाचित टिकेल.

लंगोटाबद्दल बोलताना आपण उगाच हळवे होतो. त्रिकोणी घडी, दोन बंद, खाली दुपटं, त्याखाली मेणकापड. बाळाने ओलं केलं की तिन्ही थर बदलायचे, कारण लंगोट शोषतो पण अडवत नाही. नव्या कापडाचा लंगोट तान्ह्याला घालत नसत, आणि त्यामागे नुसता मऊपणाचा विचार नव्हता. कोऱ्या सुती कापडात कापसाचा नैसर्गिक मेणकट अंश आणि गिरणीची खळ असते. पाणी त्यावरून घरंगळतं. वर्षानुवर्षं धुतलेलं लुगडं मात्र पाणी चटकन पितं. आजच्या सोकरच्या पाकिटावर पहिल्या वापरापूर्वी पाच-सहा वेळा धुऊन घ्या असं छापलेलं असतं, त्याचं कारण हेच. ही गोष्ट आपल्या बायकांना पाकिटावर न छापता माहीत होती.

पण ते धुणं कोण करत असे? वाड्यात बाळंतिणीचं धुणं वेगळं. सोयराच्या दिवसांत बऱ्याच घरांत त्याला इतर कुणी शिवत नसे. जिच्या वाट्याला ते येई ती घरातली सर्वांत खालच्या पायरीवरची बाई असे: गावातली धुणं करणारी, नाहीतर आश्रयाला राहिलेली कुणी आत्या-मावशी. लंगोटाच्या आठवणी सांगणाऱ्या लेखांत तिची आठवण क्वचितच येते. मला वाटतं, डायपरचा सगळा इतिहास हा मळ कुणाच्या हाताला लागायचा याचा इतिहास आहे. कापड की प्लास्टिक हा त्यातला पोटप्रश्न.

पश्चिमेतही सुरुवात धुण्याच्या कंटाळ्यापासूनच झाली. अमेरिकेत मॅरिअन डोनोव्हन या बाईने १९४६च्या सुमारास न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा कापून कापडी लंगोटावर घालायचं आवरण शिवलं. १९४९मध्ये ते न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू या दुकानात विकायला आलं, १९५१मध्ये तिला पेटंट मिळालं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये व्हॅलरी हंटर गॉर्डन ही लष्करी अधिकाऱ्याची बायको स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिवणयंत्र ठेवून हेच करत होती, पण तिची युक्ती एक पाऊल पुढची होती. महायुद्धानंतर उरलेल्या पॅराशूटच्या नायलॉनची चड्डी आणि आत बसवायचा कापूस-कागदाचा टाकाऊ पट्टा. मैत्रिणींनी मागण्या केल्या, तिने शेकडो चड्ड्या घरी शिवल्या आणि पुढे चेस्टरफील्डच्या रॉबिन्सन कंपनीने ‘पॅडी’ या नावाने त्या बाजारात आणल्या. आवरण ठेवायचं, पट्टा बदलायचा, हे तत्त्व तिथलं. आपण आज नवं म्हणून विकत घेतो ते पाऊणशे वर्षांपूर्वीचं आहे. फरक इतकाच की तिचा पट्टा फेकायचा होता, आपला धुवायचा आहे.

तिला मागे टाकलं ते प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या व्हिक्टर मिल्स या रसायन अभियंत्याने. नातवंडांचे लंगोट बदलून कंटाळलेल्या या आजोबांनी सबंध डायपरच फेकायचा केला. १९६१मध्ये इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावात पॅम्पर्सची बाजारचाचणी झाली. गंमत अशी की त्याच पिओरियातल्या सरकारी शेतकी प्रयोगशाळेत त्याच दशकात मक्याच्या स्टार्चपासून प्रचंड पाणी शोषणारा पदार्थ तयार झाला. हेतू शेतातली ओल धरून ठेवण्याचा होता. पुढे त्याच जातीच्या पॉलिअ‍ॅक्रिलेटचे दाणे डायपरमध्ये आले. साध्या पाण्याच्या बाबतीत हे दाणे आपल्या वजनाच्या शेकडो पट शोषतात. लघवीतल्या क्षारांमुळे ती क्षमता बरीच उतरते, तरी उरते तेवढी रात्रभराला पुरते. शोषलेलं पाणी दाबलं तरी परत येत नाही. कापडाला हे कधीच जमलेलं नाही आणि जमणारही नाही. कापडी डायपरच्या भक्तांनी हे आधी मान्य करावं. बाळाची त्वचा कोरडी ठेवण्याच्या बाबतीत या दाण्यांचा, म्हणजे जेलचा डायपर सरस आहे. कापडी डायपर दोन-तीन तासांनी बदलला नाही तर पुरळ येणारच, मग तो कितीही सेंद्रिय असो.

हे डायपर आपल्याकडे आले ते महाराष्ट्राच्या वाटेने. किंबर्ली-क्लार्क आणि हिंदुस्तान लिव्हरची भागीदारी १९९०च्या दशकात झाली, हगीजचा कारखाना पुण्याजवळ उभा राहिला. टेडी हा ब्रँड असलेली नोबेल हायजीन मुंबईची, कारखाना नाशिककडचा. पॅम्पर्स भारतात २००६मध्ये आले. दिल्लीच्या बाजूची कहाणी जपानी आहे. युनिचार्म कंपनीने भारतातलं मुख्य कार्यालय गुरुग्रामला थाटलं, कारखाना दिल्ली-जयपूर महामार्गावर नीमराण्याला उभारला आणि मामीपोको पँट्स घराघरांत नेले. चिकटपट्टीच्या डायपरपेक्षा चड्डीसारखा वर ओढायचा डायपर आपल्याकडे रुचला, कारण बाळ उभं असतानाही तो चढवता येतो. सुटा एक-एक, दोन-दोनच्या पाकिटांतून तो किराणा दुकानापर्यंत पोचला. दिल्लीच्या कुठल्याही मोहल्ल्यातल्या परचूनच्या दुकानात आज शॅम्पूच्या पुड्यांशेजारी डायपरच्या माळा टांगलेल्या दिसतात. २२ सप्टेंबर २०२५पासून त्यावरचा वस्तू-सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. डायपर आता चैनीत मोडत नाही, हे सरकारनेही एका अर्थी कबूल केलं.

हिशोब सोपा आहे. दिवसाला चार डायपर आणि अडीच वर्षं धरली तर एका मुलाला साधारण ३,६५० डायपर लागतात. एकाला बारा रुपये धरले तर ४३,८०० रुपये. तान्हेपणी दिवसाला आठ-दहाही लागतात, तेव्हा हा आकडा संयमाचाच आहे. कापडी डायपर सोकरसह सहाशे रुपयांना एक धरला आणि अठरा घेतले तर १०,८०० रुपये, वर धुण्याचं पाणी, साबण, वीज. दुसऱ्या मुलाला तेच चालतात. पैशाच्या बाजूने वादच नाही. तरीही बहुतेक घरं ते घेत नाहीत, किंवा घेतात आणि कपाटात ठेवतात. त्याचं कारण पैशात शोधून सापडणार नाही.

भारतात या नव्या कापडी डायपरांना बाजार मिळवून देणाऱ्यांत पल्लवी उटगी यांचं नाव आधी घ्यावं लागेल. त्यांनी २०१६मध्ये मुंबईत सुपरबॉटम्स सुरू केलं. बंगळुरूच्या बम्पाडमसारखे आणखीही काही ब्रँड आले. बहुतेकांचं एकच माप पाच किलोपासून सतरा किलोपर्यंतच्या मुलाला बसतं. समोरच्या बटणांच्या रांगा लावून उंची कमी-जास्त करायची. पाच किलोच्या आतल्या बाळाला मात्र ते ढिले होतात आणि मांडीतून गळतात. म्हणजे पहिले दोन-तीन महिने आजीच्या लंगोटाला पर्याय नाही. याच कंपन्यांनी आता लंगोटही विकायला काढले आहेत, आत कोरडेपणाचा थर लावलेले. लुगड्याच्या तुकड्याला शेवटी ब्रँड मिळाला.

आवरणाचं कापड म्हणजे पॉलिएस्टरला चिकटवलेला पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा. प्लास्टिकच आहे ते, पण शेकडो वेळा धुता येणारं. त्याला इस्त्री चालत नाही, उकळतं पाणी चालत नाही आणि दिल्लीचं मे-जूनचं ऊन तर मुळीच चालत नाही. पापुद्रा सुटतो, मांडीचं इलॅस्टिक सैल पडतं. म्हणून आवरण सावलीत आणि सोकर उन्हात अशी दोन दोऱ्यांची व्यवस्था लागते. बांबूचा म्हणून जो धागा विकला जातो तो बहुतांशी रसायनांत विरघळवून काढलेला व्हिस्कोस असतो. शोषतो छान, पण ‘निसर्गाची देणगी’ वगैरे जाहिरातीपुरतं. मायक्रोफायबर भराभर शोषतं आणि बाळ बसलं की दाबाने तेवढ्याच भराभर सोडतं. शिवाय ते थेट कातडीला लावायचं नसतं, इतकी ओल ते त्वचेतूनही ओढून घेतं. रात्रीसाठी जाड सुती किंवा तागासारख्या हेम्पच्या सोकरची जोड द्यावी लागते. ज्यांना रात्री झोप हवी आहे त्यांनी रात्रीपुरता बाजारचा डायपर वापरावा आणि अपराधी वाटून घेऊ नये. दिवसाला चारांतले तीन जरी वाचले तरी अडीच वर्षांत अडीच हजारांहून जास्त वाचतात.

दिल्ली परिसरात या डायपरचा खरा शत्रू पाणी आहे. गुरुग्राम आणि नोएडाच्या कितीतरी सोसायट्यांत बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी येतं. गीझरची कॉइल त्याने वर्ष-दोन वर्षांत पांढरी पडते. तेच क्षार साबणाशी जुळून सोकरच्या धाग्यांत साठतात. हळूहळू सोकर शोषेनासा होतो, शू त्यावरून वाहून मांडीतून बाहेर येते आणि धुतलेल्या डायपरलाही अमोनियाचा झणका यायला लागतो. घरचे म्हणतात कापडी डायपर वाईट. वाईट असतं ते पाणी. धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात भिजत ठेवले, साबण पुरेसा घातला आणि भरपूर खळबळले की बरेचसे पूर्ववत होतात. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव मात्र चुकूनही घालू नये. ते धाग्यावर पातळ थर चढवतं. आणि आपल्या घरांतला खास अडथळा म्हणजे मालिश! नारळाचं किंवा बदामाचं तेल चोळून बाळाला लगेच कापडी डायपर चढवला की ते तेल सोकरमध्ये जातं आणि तेलावर पाणी ठरत नाही. मालिश झाल्यावर आंघोळीपर्यंत साधा लंगोट घालावा. आजीची पद्धत हीच होती, कारण तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

दिल्लीचे दोन फायदेही आहेत, जे लंडनच्या आईला नाहीत. एक म्हणजे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला येतं तेच हात भाजेल असं. गरम धुण्याला वीज लागत नाही. दुसरा म्हणजे संडासातला जेट. पाश्चात्त्य आयांना शी उडवायला वेगळा फवारा विकत घ्यावा लागतो. आपल्याकडे तो भिंतीवर टांगलेलाच आहे. शी संडासात उडवायची, डायपर बादलीत टाकायचा, एक दिवसाआड यंत्र लावायचं. फ्रंट लोड यंत्राला एका फेरीत साधारण पन्नास-साठ लिटर पाणी लागतं; आधी एक खळबळणी धरली तर शंभर-सव्वाशे. माणशी रोजी १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी माप आहे, म्हणजे चौघांच्या घराला दोन दिवसांचे १,०८० लिटर. त्यात हे शंभर थोडे नव्हेत. मेमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या घराला, किंवा संगम विहारसारख्या वस्तीत पिंपाने पाणी भरणाऱ्या बाईला, कापडी डायपर वापरा असं सांगायची हिंमत मला होत नाही.

पर्यावरणाच्या हिशोबातही कापडाला आपोआप गुण मिळत नाहीत. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अडीच वर्षांचा कार्बनभार टाकाऊ डायपरला साधारण ५५० किलो आणि कापडीला सरासरी ५७० किलो निघाला होता. कापडवाल्यांची तोंडं उतरली. पण त्याच अभ्यासात पुढे होतं की यंत्र पूर्ण भरून लावलं, दोरीवर वाळवलं आणि दुसऱ्या मुलाला तेच वापरले तर हा भार चाळीस टक्क्यांनी उतरतो. विजेच्या ड्रायरमध्ये सगळं वाळवलं तर तितकाच चढतो. २०२३च्या नव्या अभ्यासात कापडी ३४५ आणि टाकाऊ ४५७ किलो असे आकडे आले, म्हणजे सुमारे पंचवीस टक्के फरक. म्हणजे फरक पाडते ती दोरी. आणि नोएडा-गुरुग्रामच्या काही सोसायट्यांत बाल्कनीच्या कठड्यावर कपडे वाळत घालायला मनाई असते, कारण इमारतीची शोभा जाते! जाहिरातीतल्या इमारतीत कुणाच्या घरी मूलच जन्मत नसावं.

टाकलेला डायपर कुजायला पाचशे वर्षं लागतात, हे वाक्य प्रत्येक कापडी डायपरच्या जाहिरातीत असतं. हा आकडा कुणी पाहिलेला नाही. पॅम्पर्स बाजारात येऊन अजून सत्तर वर्षंही झालेली नाहीत. पाचशे वर्षांची भीती घालायची गरजही नाही, कारण उद्या सकाळी काय होतं तेच पुरेसं वाईट आहे.

सकाळी कूडेवाला येतो. सोसायटीतला काळा डबा उचलतो, हातगाडीवर किंवा ढलावावर, म्हणजे वस्तीच्या कचराकोंडाळ्यावर, रिकामा करतो आणि विकण्याजोगं प्लास्टिक, पुठ्ठा, बाटल्या हाताने वेगळ्या काढतो. त्या ढिगात जेलने फुगलेले, शीसकट गुंडाळलेले डायपर असतात. त्यांना भाव नाही, पण त्यांना हात लावल्याशिवाय बाकीचं निघत नाही. तिथून ते ओखला, तेहखंड, नरेला-बवानाच्या कचरा जाळून वीज करणाऱ्या प्रकल्पांकडे जातात, जिथे ओला जेल जळताना उलट जास्त उष्णता खातो. नाहीतर गाझीपूर, भलस्वा किंवा अरवलीतल्या बंधवाडीच्या डोंगरावर. गाझीपूरचा कचरा डेपो १९८४चा. २००२मध्ये तो भरला, बंद व्हायला हवा होता. झाला नाही. २०१९मध्ये त्याची उंची ६५ मीटरवर गेली आणि वर्तमानपत्रांनी ती कुतुबमिनारशी मोजली. १ सप्टेंबर २०१७ला त्याचा एक कडा कोसळला, शेजारच्या कालव्यात वाहनं फेकली गेली, दोन माणसं मेली.

कायदा मुका नाही. ८ एप्रिल २०१६च्या घनकचरा नियमांनी वापरलेले डायपर ‘सॅनिटरी कचऱ्या’त घातले, ते गुंडाळून द्यायची जबाबदारी घरावर टाकली आणि प्रत्येक डायपरमागे गुंडाळायला पिशवी द्या किंवा पुनर्वापर करता येईल असा माल वापरता येतो का ते पाहा असं उत्पादकांना सांगितलं. १ एप्रिल २०२६पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी ओला, सुका आणि विशेष काळजीचा कचरा यांच्या जोडीला सॅनिटरी कचऱ्याचा स्वतंत्र भाग केला आहे. डबे चार झाले. गाडीत ते चार राहतात का, हे प्रत्येकाने आपल्या फाटकाशी सकाळी पाच मिनिटं उभं राहून पाहावं.

या बाबतीत पुण्याच्या कचरावेचक बायकांनी जे केलं ते दिल्लीला अजून जमलेलं नाही. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ची, तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. २०१३च्या महिला दिनाच्या सुमारास या बायकांनी वापरलेले सॅनिटरी पॅड पिशव्यांत भरून थेट बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवले. तुमचा माल, तुम्ही हाताळून बघा. जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून त्या पॅड आणि डायपर गुंडाळायला विकल्या. पुढे पुड्यावर लाल ठिपका काढायची मोहीम आली, म्हणजे वेचणाऱ्या हाताला उघडण्याआधी कळावं. लाल ठिपक्याला एक स्केचपेन लागतं. गुरुग्रामच्या दोन कोटींच्या फ्लॅटमध्ये ते असायला हरकत नाही.

आता घराच्या आत येऊ. २०१७च्या दुरुस्तीपासून बाळंतपणाची रजा २६ आठवडे आहे, म्हणजे सहा महिने. उष्टावणही सहाव्या महिन्यातच. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळ, पाण्यात विरघळणारी असते. तोवर कापडी डायपर धुणं फारसं जड जात नाही. वरचं अन्न सुरू झालं की शी खरीखुरी शी होते. नेमकी त्याच आठवड्यात आई कामावर परतते आणि आजी गावी जाते. कापडी डायपरची घडी मोडते ती इथे, आणि माझ्या मते निम्मे डायपर इथेच कपाटात जातात. जापेवाली, म्हणजे बाळ-बाळंतिणीचं करणारी बाई असली तर तीही एव्हाना गेलेली असते. उरते वरकामाची बाई. ती झाडू-पोछा करेल, भांडी घासेल, यंत्रात कपडे टाकेल, पण शीचे डायपर धुणार नाही म्हणते. यावर घरमालकिणी आपापसात कुरकुरतात. त्या बाईचं बरोबर आहे. ज्या देशात मैला हाताने उचलणं ही जातीने लादलेली कामगिरी होती, तिथे पगारात न ठरलेला मळ धुवायला नकार देणं हे तिचं शहाणपण आहे. पाळणाघरंही बाजारचेच डायपर घेऊन या म्हणतात. त्यांच्याही हातांचा हिशोब असतो.

म्हणजे फेकायच्या डायपरने मळ नाहीसा केला नाही. घरातल्या बाईच्या हातचा तो ढलावावरच्या माणसाच्या हाती दिला, ज्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. कापडी डायपर तो परत घरात आणतो, आणि मग लगेच प्रश्न येतो की घरात कुणाच्या? जाहिरातीत कायम आईच असते, हसरी, पांढऱ्या कपड्यांतली. बाप फार तर बाळाला हवेत उडवताना दिसतो.

आणखी एक गोष्ट डायपरने बदलली. आपल्याकडे चार-पाच महिन्यांचं बाळ पायांवर धरून, ओठांनी ‘शूऽऽ’ करत त्याला वेळेवर शू करवत. खेड्यांत अजून करवतात. अमेरिकेत १९६२मध्ये बेरी ब्रेझल्टन या बालरोगतज्ज्ञाने सांगितलं की मूल तयार होईपर्यंत घाई करू नका. सल्ला चांगला होता. पण १९९०च्या दशकाच्या अखेरीस तेच डॉक्टर मोठ्या मुलांसाठीच्या मोठ्या मापाच्या पॅम्पर्सच्या जाहिरातीत दिसले, तेव्हा टीका झाली. मुलाला ओलं लागल्याशिवाय त्याला आपण काय केलं ते कळत नाही, असं कापडवाले म्हणतात. खरं आहे, पण तेच कापडवाले आता ‘कोरडा स्पर्श’ म्हणून कृत्रिम धाग्याचा थर लावून देतात. बाजारात कुणीच फार काळ शुद्ध राहत नाही.

दिल्लीपुरतं माझं मत असं: मार्च ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर दिवसा कापडी, रात्री आणि प्रवासात बाजारचा, डिसेंबर-जानेवारीत जसं जमेल तसं. टाकायचा तो आधी संडासात झटकून, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून. सोसायटीच्या सभेत गच्चीवर दोरी बांधू देण्याचा ठराव मांडावा. विरोध करणाऱ्यांना सेंट्रल व्हिस्टाची शोभा बघायला पाठवावं. लंडनमधल्या काही नगरपालिका धुण्याचे डायपर घेणाऱ्या पालकांना पैशाचं कूपन देतात, कारण कचरा उचलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. दिल्ली महापालिकेला हा हिशोब मांडून बघायला काय हरकत आहे?

आणि येत्या बारशाला काय न्यावं असा प्रश्न पडला असेल तर झबली-टोपडी पुष्कळ येतात, चार कापडी डायपर आणि आठ सोकर न्या. पाकीट मात्र आईकडे देऊ नका. बाळाच्या बापाच्या हातात द्या, आणि जेट कसा धरायचा ते त्याला तिथेच दाखवा.